मोहल्ला समितीत सामान्य माणसानं करायचं काय?

मृणाल: पोलीस ठाण्यातून मोहल्ला समितीसाठी, म्हणजे वस्तीतले रहिवासी आणि पोलीस यांच्या समितीसाठी, विचारणा झाली, मी हो म्हटलं. पहिल्या बैठकीत मंडळांचे अध्यक्ष पुढच्या रांगेत, साहेबांचं भाषण, सत्कार, चहा आणि सगळे घरी. क्लासच्या वाटेवर मुलींच्या मागे लागणाऱ्या पोरांबद्दल मला बोलायचं होतं, पण वेळच मिळाला नाही. अशा समितीत राहून उपयोग आहे का?

निवृत्त_फौजदार: राहा ताई, सोडू नका. माझी नोकरी बीटवरच गेली, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या नेमून दिलेल्या भागात. तुम्ही पाहिलीत ती शांतता समितीची जुनी रीत, सण आला की पुढाऱ्यांना बोलवायचं. भिवंडीत १९८४ ला भयंकर दंगल झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे साहेब तिथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं होती, आणि सगळं शांत असतानाही बैठका व्हायच्या. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. माझ्या मते कारण सरळ आहे: अफवा उठली की खरं काय ते ओळखीच्या पोलिसाला विचारता येतं, आणि कुणाचं दार ठोठवायचं हे पोलिसालाही ठाऊक असतं.

तुम्ही एक जाड वही घाला. विषय, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि शेवटी बीट हवालदाराची सही. पुढची बैठक भाषणानं नाही, ही वही वाचून सुरू करायची. सहीखालचं काम राहिलं असेल तर ते सगळ्यांसमोर वाचलं जातं, मग हालचाल होते.

मुलींचं प्रकरण मात्र समितीत मिटवू देऊ नका. ‘समज देऊ’ म्हणतील, ऐकू नका. पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो. आणि त्या क्षणी मदत हवी असेल तर ११२ ला फोन करा.

संजय: आमच्याकडे चांगली चालली होती. ठाण्याच्या पीआय (पोलीस निरीक्षक) साहेबांची बदली झाली, त्यानंतर एकही बैठक नाही.

निवृत्त_फौजदार: बदल्या होणारच, हवालदाराचीही होते. म्हणून वही ठाण्यात ठेवायची नाही, रहिवाशांकडे ठेवायची. नवे साहेब रुजू झाले की त्याच आठवड्यात चौघांनी जाऊन ती समोर ठेवायची आणि पुढची तारीख घेऊनच उठायचं.

मृणाल: बीट हवालदारांचं नाव उद्याच विचारते. पुढची बैठक आमच्या घरी घेतली तर चालेल? बायका ठाण्यात यायला बिचकतात.

निवृत्त_फौजदार: घरीच घ्या. ठाण्याला दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या. आणि वेळ बायकांना विचारून ठरवा.