मदत हवी आहे: इंग्रजीत एकच शब्द नाउन पण आणि ॲडजेक्टिव्ह पण, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, भाची आठवीच्या स्कॉलरशिपची तयारी करतेय आणि पार्ट्स ऑफ स्पीचमध्ये अडकलीय. 'आय हॅव अ कोल्ड' मध्ये कोल्ड नाउन आणि 'कोल्ड वॉटर' मध्ये ॲडजेक्टिव्ह, इथपर्यंत पटलं तिला. पण 'स्कूल बस' आली की म्हणते स्कूल बसची माहिती देतंय ना, मग ॲडजेक्टिव्हच, मी म्हटलं व्हेरी लावून बघ, व्हेरी कोल्ड होतं, व्हेरी स्कूल होत नाही म्हणून नाउनच, तर लगेच विचारते मग 'मेन रोड'चं काय, तिथेही व्हेरी चालत नाही तरी डिक्शनरीत ॲडजेक्टिव्ह दिलंय! खरंच चांगला प्रश्न आहे तिचा. इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकी कुणाकडे याहून पक्की टेस्ट आहे का? मराठीतून समजावलंत तर फारच बरं, नुसतं पाठांतर नकोय तिला.