सल्ला हवा: कास्टिंग वेळेवर येत नाही, मूळ कारण शोधायला काय घ्यावं? (बजेट २० हजार)

जे_ब्लॉक_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, चार सीएनसी आणि दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं). ट्रॅक्टरच्या वॉटर पंपची बॉडी मशीनिंग करून देतो. कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला कच्चा भाग, कोल्हापूरहून येतं, एक फाऊंड्री (ओतशाळा) शिरोलीत, दुसरी गोकुळ शिरगावात. सात महिन्यांत तीन वेळा आमच्यामुळे कस्टमरची लाईन थांबली. ऑगस्टमध्ये ब्लोहोल (धातूत वायूच्या पोकळ्या) निघून अख्खा लॉट रिजेक्ट, दिवाळीनंतर नऊ दिवस माल नाही, आणि आता फेब्रुवारीत पुन्हा चार दिवस. डेबिट नोटा (नुकसानीची वजावट) आल्या त्या वेगळ्याच.

तिन्ही वेळा एट-डी, म्हणजे कारण आणि उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट, भरून दिला. कारणं लिहिली ती अशी: ऑपरेटरचं दुर्लक्ष, कामगार सुट्टीवर, फाऊंड्रीकडून उशीर. तिसरा रिपोर्ट कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांनी परत पाठवला. वर शेरा, "हे काय झालं ते आहे, का झालं ते नाही." मला ते पटलं, म्हणून विचारतेय. रूट कॉज अ‍ॅनालिसिस नीट शिकायचंय. कोर्स, पुस्तक, सॉफ्टवेअर, काहीही चालेल. बजेट वीस हजार. पंधरा दिवसांनी ऑडिट आहे.

हिशेबी_माणूस
ताई, वीस हजारात काही होत नाही. आम्ही मागच्या वर्षी ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, हिशेब सगळं ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, साडेतीन लाख आणि वर वर्षाचं मेंटेनन्स. आता कुठली ऑर्डर कुठे अडकलीय ते जेवताना मोबाईलवर दिसतं. एकदाच खर्च करा आणि सुटा.

चाकणचा_क्वालिटीवाला
ईआरपी माल अडकलाय हे सांगेल, का अडकलाय हे नाही सांगणार. ताईंचा प्रश्न तो आहे.

मी अठरा वर्षं सप्लायर क्वालिटीत आहे. "ऑपरेटरचं दुर्लक्ष" वाचलं की मी रिपोर्ट पुढे वाचतच नाही. टोयोटाचे ताईची ओनो यांचं उदाहरण आम्ही नव्या पोरांना फळ्यावर लिहून देतो. मशीन बंद पडलं. का? लोड जास्त झाला, फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला पुरेसं तेल नव्हतं. का नव्हतं? पंप तेल नीट खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्याच "का"वर थांबला असता तर फ्यूज बदलून घरी गेला असता आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच आला असता.

तुम्ही तीन वेळा फ्यूज बदललाय. राग मानू नका.

शब्दवेडा
"रूट कॉज"ला "मूळ कारण" हा चांगला शब्द असताना धाग्यात सगळीकडे इंग्रजी का? शीर्षकात लिहिलंत तसंच खालीही लिहा.

नगरी_लेथ
शब्द कुठलाही वापरा, कारण एकच आहे, पेमेंट. कायदा सांगतो छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्या. मला नव्वदच्या आत कोणी दिले नाहीत. मग मी माझ्या फोर्जिंगवाल्याला कुठून देणार? तो ज्याचे पैसे आले त्याचा माल आधी काढतो. मीही तेच करतो. ताई, फाऊंड्रीची बिलं तुम्ही किती दिवसांनी काढता ते आधी बघा.

चाकणचा_क्वालिटीवाला
पेमेंट हे एक कारण असू शकतं, पण तपासल्याशिवाय लिहू नये. प्रत्येक "का"चं उत्तर जागेवर जाऊन बघायचं. ऑफिसात बसून पाच वेळा का विचारलं की पाच अंदाज हाती येतात. आणि पाच हा आकडा काही पवित्र नाही, कधी तिसऱ्यालाच सापडतं, कधी सात लागतात.

हिशेबी_माणूस
आमच्याकडे ट्रेनिंगला आलेले सर म्हणाले होते, पाचच पाहिजेत. फॉर्मवरही पाचच रकाने असतात.

चाकणचा_क्वालिटीवाला
फॉर्म छापणाऱ्याने पाच छापले, एवढंच.

नागोयाकर
मी टोयोटाच्या पट्ट्यात नोकरीला आहे, इथे एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारी पहाटे कारियामधल्या आयसिन सेकीच्या एक नंबर कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह व्हायचा. हाताच्या मुठीत मावेल एवढा भाग, पण टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना तो तिथूनच यायचा. काही दिवसांत टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने बंद. मग दोनशेहून जास्त कंपन्या मदतीला धावल्या, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व्ह करून दिले. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघायला लागल्या.

हे भरभर सावरण्याचं कौतुक सगळे सांगतात. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. आग का लागली हे शोधणं एक आणि एका आगीने सगळं का थांबलं हे शोधणं वेगळं. ताईंनी दुसरा प्रश्न विचारावा.

हिशेबी_माणूस
म्हणजे जस्ट-इन-टाइम (स्टॉक न ठेवता लागेल तेव्हाच माल मागवणं) फसलं ना! मी तेच म्हणतोय, स्टॉक ठेवा. आम्ही महिन्याचा ठेवतो, ईआरपीत मिनिमम लेव्हल लावून.

नगरी_लेथ
महिन्याचा स्टॉक ठेवायला पैसे कोण देणार? तुमचं ईआरपी?

स्टुटगार्ट_डायरी
स्टॉकवरून भांडू नका, नागोयाकरांच्या मुद्द्याला जोडून सांगते. ३१ मार्च २०१२ ला जर्मनीत मार्ल इथे इव्होनिकच्या प्लांटमध्ये स्फोट झाला, दोन कामगार गेले. तिथे सीडीटी नावाचं रसायन व्हायचं. त्याच्यापासून पीए-१२ प्लास्टिक होतं आणि त्याच्या इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या. गाडीवाल्यांनी नळ्यांचे दोन-दोन, तीन-तीन सप्लायर ठेवले होते. कागदावर सगळं सुरक्षित. खाली खणत गेल्यावर कळलं की बऱ्याच जणांचा कच्चा माल फिरून त्या एकाच ठिकाणी जातो. तीन आठवड्यांच्या आत सगळी इंडस्ट्री अमेरिकेत डेट्रॉइटजवळ बैठकीला जमली होती, पर्यायी प्लास्टिक शोधायला.

वर दोन फांद्या दिसतात, खाली खोड एक असतं.

शिरोलीफाटा
मी फाऊंड्रीतच आहे (तुमच्या नव्हे). पूर, हायवे हे सगळं आम्ही बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा ट्रकच्या रांगा कित्येक दिवस हलल्या नाहीत, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पण तुमच्या तीन घटनांत पूर नाही.

मला एकच विचारायचंय. माल आला नाही त्या दिवसांत भट्टी चालू होती का? चालू असेल तर धातू होता, वीज होती, माणसं होती. मग तुमचीच बॉडी का ओतली नाही? पंप बॉडी आतून पोकळ, म्हणजे कोअर लागणार, पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा. कोअर कुठून येतात ते विचारलंत कधी?

जे_ब्लॉक_भोसरी
शिरोलीफाटा दादा, खरं सांगते, नाही विचारलं. उद्या पहाटे निघते. वीस हजारातले डिझेलला जातील तेवढे.

हिशेबी_माणूस
डेमो तरी बघून जा ताई. फुकट असतो.

जे_ब्लॉक_भोसरी
परत आले. जरा मोठं लिहितेय, पण सगळ्यांनी वाचा.

दोन्ही फाऊंड्रींत हीटचं रजिस्टर (भट्टी कधी चालली त्याची नोंद) मागितलं. दिवाळीनंतरच्या नऊ दिवसांत दोन्हीकडे भट्टी रोज चालू होती. शिरोलीत मोल्डिंगचा फोरमन म्हणाला, "मॅडम, तुमचे कोअर नव्हते." गोकुळ शिरगावातही शब्दन् शब्द तेच. कोअर कोण देतं विचारलं तर दोघांनी एकच नाव सांगितलं. गावाकडच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड. तीन वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते.

शेडमध्ये एक शेल कोअर मशीन, चार बायका आणि मालक स्वतः. कोअर लाकडी फळ्यांवर मांडलेले. मागच्या भिंतीजवळ पत्रा गंजून गळतो, जमिनीवर ओलीचा पट्टा अजून दिसतो. ऑगस्टमधले आमचे कोअर त्याच भिंतीला होते. ओल धरलेला कोअर, ओतताना वाफ, ब्लोहोल. दिवाळीला मालकाचे वडील गेले, शेड बंद. फेब्रुवारीत कोअर बॉक्सची (कोअर काढायच्या साच्याची) इजेक्टर पिन तुटली, बॉक्स चार दिवस साचे करणाऱ्या पॅटर्नवाल्याकडे.

तीन घटना, तीन कारणं आणि तिन्ही एका शेडमध्ये. पण मी क्वालिटीवाल्या दादांचं ऐकून अजून एक "का" विचारला. दोन फाऊंड्री असताना कोअर एकाच ठिकाणी का? कारण कोअर बॉक्स एकच आहे. का एकच? दुसरी फाऊंड्री डेव्हलप केली तेव्हा मी पॅटर्न (बॉडीच्या बाहेरच्या आकाराचा नमुना) दुसरा करून दिला आणि बॉक्सचे पैसे वाचवले. "कोअर तिथूनच घ्या" असं मीच फोनवर सांगितलं होतं. ऑपरेटरच्या नावावर लिहिलेलं दुर्लक्ष माझं होतं. पहिला एट-डी ज्याच्या नावावर गेला त्या पोराला समजपत्र मिळालंय. ते मागे घ्यायला फाऊंड्रीला आजच मेल केला.

चाकणचा_क्वालिटीवाला
ताई, हा रिपोर्ट असाच्या असा लिहा. आणि त्या शेडवाल्याला ताबडतोब बदला. एक मशीन, गळका पत्रा, ऑडिटला हे चालणार नाही.

नगरी_लेथ
डेबिट नोट त्याच्यावर टाका. नुकसान तुम्ही का सोसायचं?

स्टुटगार्ट_डायरी
बदला, पण नवा निवडताना तो वाळू कुठून घेतो तेही विचारा.

हिशेबी_माणूस
सब-सप्लायर ट्रॅकिंगचं मॉड्यूल आमच्या ईआरपीत आहे.

जे_ब्लॉक_भोसरी
सगळ्यांचे आभार, पण मी त्याला बदलणार नाहीये. त्याचे कोअर चांगले असतात, तीन वर्षांत मापात एकदाही फरक नाही. नगरी_लेथ, तुम्ही म्हणालात ते तपासलं. मी फाऊंड्रीला साठ दिवसांनी देते, फाऊंड्री त्याला त्याहून उशिरा. पत्रा त्याने का बदलला नाही याचं उत्तर तिथे आहे, त्यामुळे डेबिट नोट टाकणार नाही.

दुसरा कोअर बॉक्स करायला टाकलाय. पॅटर्नवाल्याने पंचावन्न हजार सांगितले, बावन्नला ठरलं. बजेट गेलं, व्हीएमसीची एक टूलिंगची खरेदी पुढे ढकलली. तो बॉक्स गोकुळ शिरगावात राहील, त्यांच्याकडे शेल मशीन आहे आणि अर्धा दिवस रिकामं असतं. जुना शेडमध्येच. महिन्याचं शेड्यूल आता दोन्ही फाऊंड्रींसोबत शेडलाही थेट जाईल. आणि आठ दिवसांचे कोअर मेपासून आमच्याकडे भोसरीत कोरड्या खोलीत ठेवणार. कास्टिंगचा स्टॉक परवडत नाही, कोअरचा परवडतो.

नागोयाकर
कोअर भोसरीहून कोल्हापूरला परत पाठवणार? वाटेत फुटतील.

जे_ब्लॉक_भोसरी
कास्टिंग घेऊन येणारा टेम्पो परत रिकामाच जातो. पेंढा घालून क्रेटमध्ये पाठवून बघते. फुटले तर इथेच सांगेन.

शिरोलीफाटा
पेंढा नको, ओल धरतो. फोमचे खाचे करून घ्या, एकावर एक दोनच थर. आणि नवा बॉक्स आला की कपाटात ठेवून देऊ नका. महिन्यातून एकदा तरी पन्नास कोअर त्याच्यावर काढायला लावा आणि ते ओतून, कापून बघा. पडून राहिलेल्या बॉक्सच्या पिना ऐन वेळी अडकतात, मग दुसरा बॉक्स असून नसल्यासारखा.