आई म्हणते, पडकी देवळं बघायला एवढ्या लांब कशाला?

वाईची_लेक:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन अथेन्स, तुर्कस्तानातलं इफेसस आणि रोम असा बारा दिवसांचा बेत चाललाय. मी पुण्यात, ते दोघं वाईलाच. बाबा ७१, ठणठणीत, फक्त ऐकायला कमी येतं. आई ६६, गुडघे कुरकुरतात. ढोल्या गणपतीचं दर्शन झाल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही. तिला फोटो दाखवले तर म्हणाली, "मूर्ती नाही, दिवा नाही, घंटा नाही, मग ते देऊळ कसलं? आणि पडकंच बघायचं तर आपल्याकडं काय कमी आहे?" मला उत्तर सुचलं नाही. तर, यातलं काय गाळू, आणि काय दाखवलं तर तिचं मन लागेल? डेल्फीसुद्धा यादीत आहे.

घाटावरचा_गडी:
आईचं बरोबर आहे. तेवढ्या पैशात चारधाम होऊन वर घराला रंग होतो.

कृष्णाकाठचा_निवृत्त:
वरच्या गड्याकडं लक्ष देऊ नका, ताई. मी सांगलीचा, पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. मुलगी जर्मनीत आहे, त्या निमित्तानं दोन वर्षांमागं मे महिन्यात मी आणि आमची ही हेच सगळं फिरून आलो.

पहिल्यांदा माझा मूर्खपणा सांगतो. अथेन्सच्या टेकडीवर, ॲक्रोपोलिसला, मी नवी कोरी कोल्हापुरी घालून गेलो. तिथला संगमरवर माणसांच्या पायांनी घासून घासून ओल्या साबणासारखा झालाय. दरवाज्याच्या पायऱ्या चढलो आणि चारचौघांत बुडावर बसलो. पहारेकरी बाईनं हात दिला, पायांकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. तेव्हा दोघांनाही रबरी तळव्याचे बूट घ्या. सकाळी दार उघडताना आत शिरा, दहानंतर नुसतं ऊन आणि माणसं. आईंना चढ झेपणार नसेल तर टेकडीच्या उत्तर अंगाला लिफ्ट आहे. ती ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठीच असते, म्हणून आधी विचारून ठेवा.

आता पडक्याचं. आईंना सांगा, त्या टेकडीवरचं मोठं देऊळ, पार्थेनॉन, म्हातारपणानं पडलेलं नाही. इसवी सनापूर्वी ४४७ ला बांधायला घेतलं ते अथेना देवीसाठी. पुढं त्याचं चर्च झालं, मग मशीद झाली, म्हणजे दोन हजार वर्षं कुणी ना कुणी तिथं हात जोडतच होतं. १६८७ मध्ये व्हेनिसच्या फौजेनं वेढा घातला, आत तुर्कांनी दारूगोळा भरून ठेवलेला, त्यावर तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. एका संध्याकाळचं काम.

बाकीचे लोक खांबांचे फोटो काढत होते, मी सांधे बघत बसलो. सवय. दोन दगडांत चुना-बिना काही नाही. खोबणी पाडून त्यात लोखंडी पट्टी बसवलेली आणि तिच्याभोवती वितळलेलं शिसं ओतलेलं. शिशामुळं लोखंडाला पाणी लागत नाही आणि भूकंपात दगड जरा हलला तरी शिसं दबून घेतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनी लोखंड घातलं पण शिसं गाळलं. झालं, लोखंड गंजलं, फुगलं आणि त्यानंच संगमरवर फोडला. आता ते सगळं उपसून टायटॅनियम घालतायत. पांढऱ्या नव्या दगडाचं ठिगळ जुन्या पिवळसर दगडाला कसं लावलंय ते जवळ जाऊन बघा. बाबांना ऐकू कमी येतं ना, मग गाईडपेक्षा त्यांना हेच आवडेल. आमच्या खात्यात टेंडर काढताना कुणी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

डेल्फी गाळा. अथेन्सहून जाऊन येऊन अख्खा दिवस जातो आणि जागा सगळी उतारावर. तसं ते आपल्या ओळखीचंच आहे, देवाला कौल लावायची जागा. क्रीसस राजानं लढाईला जाऊ का म्हणून कौल लावला, तर उत्तर आलं की नदी ओलांडलीस तर एक मोठं राज्य बुडेल. गेला, आणि बुडालं ते त्याचंच. गोष्ट एसटीत सांगा, पुरे.

इफेससला वरच्या दारानं आत जा आणि खालच्या दारानं बाहेर पडा, म्हणजे सगळा उतार मिळतो. सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत पडलेल्या तुकड्यांतून १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली, तिथं सावलीला बसा. मी मात्र मोठ्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून बंदर शोधत होतो. संगमरवरी हमरस्ता सरळ बंदराकडं जातो आणि पुढं समुद्रच नाही, नुसती झुडपं. नदीनं गाळ आणून आणून बंदर बुजवलं, समुद्र काही किलोमीटर मागं हटला आणि एवढं शहर ओस पडलं. २०१९ च्या पुरानंतर घरातनं गाळ उपसलेल्या माणसाला हे कुणी समजवायला लागत नाही.

मिरजेची_मावशी:
काकांनी दगडांचं सांगितलं, मी पोटाचं सांगते. आम्ही शाकाहारी. ग्रीसमध्ये "निस्तीसिमो" हा एक शब्द पाठ करा. त्यांच्या चर्चचे उपास असतात, त्यात मांस, अंडं, दूध काही चालत नाही, त्या जेवणाला हा शब्द. दुकानदाराला म्हटलं की तो लगेच दाखवतो काय चालेल ते. आईंना सांगा, तिथल्या बायकाही उपास करतात! पांढऱ्या बियांचं सूप मिळतं, फासोलाडा, आपल्या पावट्याच्या आमटीच्या गावचं. तरी भडंगाचे दोन पुडे ठेवाच.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी असेल तर प्रश्नच नाही, माझ्या जीन्सवाल्या सुनेला मात्र गळ्यातली ओढणी खांद्यावर घेऊन फिरावं लागलं.

वाईची_लेक:
काका, मावशी, खूप आभार. "एसटीत सांगा" वाचून हसले. पण दिवा-घंटेचं उत्तर राहिलंच की. आणि रोमचं? कंपनीच्या पत्रकात "एका दिवसात रोम" आहे.

कृष्णाकाठचा_निवृत्त:
एका दिवसात रोम म्हणजे बसच्या काचेतनं रोम. आम्हाला अशाच एका सहलवाल्यानं कोलोसियमच्या दारात वीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा लघवीच्या रांगेत गेली. रोमला तीन दिवस ठेवा. कोलोसियम बाहेरनं बघितलं तरी चालतं. तिथून चालत जवळच सॅन क्लेमेंते चर्च आहे. वर बाराव्या शतकातलं चर्च, आजही प्रार्थना चालते. जिना उतरलं की चौथ्या शतकातलं चर्च. अजून उतरलं की रोमन काळातली घरं आणि बैल मारणाऱ्या मिथ्र देवाचं ठाणं. मिथ्र, म्हणजे नावानं आपल्या मित्र देवाचा भाऊबंद. तळाशी अंधारात भिंतीपलीकडं पाणी वाहताना ऐकू येतं. वर मेणबत्ती, खाली पाणी. जिने आहेत, पण आईंना निवांत उतरू द्या. आम्ही गेलो तेव्हा फोटो काढू देत नव्हते, बरंच होतं.

दुसरं पँथिऑन, जुनं रोमन देऊळ, सगळं सपाट, गुडघ्यांना त्रास नाही. सातव्या शतकापासून चर्च आहे म्हणूनच धड राहिलं. घुमटाला मधोमध भोक, पाऊस सरळ आत पडतो, आणि फरशीला जरासा फुगवटा देऊन पाण्याला भोकं ठेवलीयत. मी मोजली, २२.

आणि घंटेचं म्हणाल तर तुम्ही वाईच्या असून मला विचारता? मेणवलीच्या घाटावरची घंटा आईंनी बघितलीच असणार. तिच्यावर १७०७ साल आणि मेरी-येशू आहेत. पोर्तुगीजांची घंटा, वसईच्या मोहिमेनंतर इकडं आली. जाण्याआधी त्यांना तिथं घेऊन जा. मग इफेससजवळ डोंगरावर मेरीचं घर म्हणून एक छोटी दगडी वास्तू आहे, तिथं न्या. आत मेणबत्त्या, बाहेर भिंतीवर लोकांनी नवसाच्या चिंध्या आणि कागद बांधलेत. ख्रिश्चन येतात, मुसलमान बायकाही येतात. मिरजेच्या दर्ग्यात जशी सगळ्या जातीची माणसं दिसतात तसंच. आमची ही सगळ्या सहलीत तिथंच सगळ्यात जास्त वेळ बसली.

वाईची_लेक:
काल मेणवलीला जाऊन आलो! आई त्या घंटेखालून लहानपणापासून गेलीय, पण वरची बाई कोण ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. आता तिचा एकच प्रश्न आहे: त्या मेरीच्या घराजवळचं पाणी बाटलीत भरून आणता येतं का?

कृष्णाकाठचा_निवृत्त:
येतं. घराच्या खालच्या अंगाला नळ आहेत, तिथून पुढंच ती चिंध्यांची भिंत. बाटली मोठ्या बॅगेत टाका आणि बॅग सामानात सोडा. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर असलं की बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात. आमच्या हिची अख्खी बाटली विमानतळावर गेली, ती अजून मलाच बोलते.