कार्बन बाणांची जुनी पिसं काढून ग्लू कसा साफ करावा? सल्ला हवा

तिरकमठा: १२ कार्बन बाण आहेत. पाचांच्या प्लास्टिक व्हेन, म्हणजे पिसं, पार फाटल्यात, तिघांचं एकेकच पीस गेलंय, चार धड आहेत. जुना ग्लू सुपरग्लू, दगडासारखा. पीस नीट जागेवर धरून चिकटवायचा जिग आहे, त्याच रंगाची पिसंही शिल्लक आहेत. नवं हत्यार घ्यायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचंय. रविवारी स्पर्धा आहे.

अचूक_दहा: पिसं खरवडून काढायचा खास बाणांचा स्ट्रिपर घ्या. मी घेतला आणि सुखी झालो. पातं शाफ्टच्या, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या, गोलाईप्रमाणे बसतं, डझनभर बाण चहा गार व्हायच्या आत होतात.

गार_वारा: त्यांना विकत घ्यायचं नाहीये! बोथट सुरी चालते, पातं शाफ्टवर जवळजवळ आडवं ठेवून लांबीच्या दिशेने सरकवायचं. नवं कटरचं पातं मात्र नको. माझ्या हातून एक शाफ्ट गेलाय. पातं उभं धरलं, टोक रुतलं आणि केसाएवढा काळा धागा उभा राहिला. मी तो नखाने दाबून बसवला आणि वरूनच पीस चिकटवलं. आठवड्याने वाकवून पाहिला तर कानाशी करकर. त्याच दिवशी मोडून टाकला. तसा बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो.

जुना_खेळाडू: ॲसिटोन. एवढं कशाला खरवडायचं? वीस वर्षं ॲल्युमिनियमचे बाण त्यानेच साफ करतोय, कधी काही झालं नाही.

गार_वारा: काका, ॲल्युमिनियमला चालतं हो. कार्बनचे धागे रेझिनने बांधलेले असतात. फडक्यावर थोडं घेऊन राहिलेला ग्लू चटकन पुसणं ठीक, पण बाण त्यात भिजत ठेवायचे नाहीत. नॉकही, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, आधी काढा. पॉलिकार्बोनेटच्या नॉकला ॲसिटोन लागलं की बारीक तडे जातात.

जुना_खेळाडू: नॉक मी काढतोच. ते काय सांगायचं?

पाणघोडा: माझ्या शाफ्टवरची आद्याक्षरं ॲसिटोनने पुसली गेली. स्पर्धेत बाणावर नाव किंवा आद्याक्षरं लागतात, सकाळी मार्कर शोधत फिरलो. पुसल्यावर आधी ती लिहा.

अचूक_दहा: पिसांखाली रॅप, म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळलेला स्टिकर, असेल तर गरम पाण्यात धरा, सालीसारखा निघतो. हीटगन नको. मी वापरली, टोकाकडचा हॉटमेल्ट ग्लू सैल झाला आणि पॉइंट, म्हणजे बाणाचं टोक, टार्गेटमध्येच राहिला.

सोनचाफा: आणि पॉलिश पेपर कोरडा मारू नका. कार्बनची धूळ छातीत जाते, कातडीलाही खाजते. ओला पेपर, हलका हात, मास्क. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाण्याचा थेंब टाका. शाफ्टवर पसरला तर स्वच्छ, मण्यासारखा गोळा झाला तर तेल अजून आहे. एकदा पुसलं की त्या जागी बोट लावायचं नाही. नवीन पिसाचा तळही पुसा, साच्यातून काढताना लागलेला थर त्यावर असतो.

गार_वारा: शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बहुतेकांची पिसं तिथेच सुटतात.

अचूक_दहा: मीही तेच म्हणणार होतो. पण स्ट्रिपर घ्याच. आणि एकेक पीस बदलू नका, आठही बाणांची तिन्ही काढा.

जुना_खेळाडू: तिन्ही काढायची. अर्धवट काम करू नये.

सोनचाफा: बाराही करून टाका. एका फेरीतले बाण सारखे दिसायला हवेत.

तिरकमठा: सगळ्यांचे मनापासून आभार. मी मात्र तिघांचं एकेकच पीस बदललं. उरलेली दोन घट्ट होती, रंगही तोच. ती उपटून धड शाफ्ट खरवडायचा जीव झाला नाही. पाचांची तिन्ही काढली, बोथट सुरी आणि अल्कोहोल, ॲसिटोनला हातच लावला नाही. पहिल्या बाणावर थेंब तीनदा गोळा झाला, चौथ्यांदा पसरला. नवीन पिसांच्या दोन्ही टोकांना ग्लूचा एकेक थेंब जास्त दिलाय.

गार_वारा, तुमचं वाचून बाराही बाण एकेक वाकवून ऐकले. करकरला तो पिसं धड असलेल्या चारांपैकी निघाला. त्याला मी हातही लावणार नव्हते. मोडून टाकला. रविवारी अकरा घेऊन जातेय.

गार_वारा: अकरा पुरतात. टार्गेटमधून काढल्यावर दर वेळी वाकवून बघा.