न आलेल्या मेलचं काय?

रात्री कॉम्प्युटरवर आपोआप चालणाऱ्या डेटाच्या कामाबद्दल, म्हणजे जॉबबद्दल, 'जॉब फेल झाला तरच मेल पाठवा, रोजच्या यशाच्या मेल वाचतंय कोण' असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. ज्या मशीनवरून मेल जायची तेच बंद पडलं तर? आमच्याकडे रत्नागिरीत पावसात वीज गेली, मागोमाग नेट गेलं, की जेटीजवळच्या ऑफिसातला पीसी आडवा. जॉब फेल होतच नाही, कारण तो सुरूच होत नाही. इनबॉक्समध्ये सगळं आलबेल. म्हणून तपासणी उलटी लावलीय. रात्रीचा जॉब संपला की क्लाउडवरच्या एका टेबलात वेळ आणि आलेल्या डेटाच्या ओळींची संख्या लिहितो. सकाळी तिकडचंच एक छोटं स्क्रिप्ट ती नोंद शोधतं, नसेल तर मेल टाकतं. क्रॉनच्या (लिनक्सवर ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'मेलटू' या मेल पाठवायच्या सेटिंगवर विसंबणाऱ्यांनो, क्रॉन एक्झिट कोड, म्हणजे जॉब यशस्वी की फेल हे सांगणारा आकडा, बघत नाही. जॉबने काही छापलं तरच मेल येते, गुपचूप मेला तर नाही.

आणि जॉब 'सक्सेस' पण ओळी शून्य, हा प्रकार जास्त घातक. त्याला वेगळी मेल हवीच. फक्त १ जूनला मासेमारीबंदी लागली की बोटींच्या आवकेत शून्यच येणार, तेवढा काळ तो नियम बंद ठेवा. नाहीतर लोक त्या मेलला फिल्टर लावून मोकळे होतात आणि नारळी पौर्णिमा उलटली तरी तो कोणी काढत नाही. जीमेलवरून पाठवत असाल तर २०२२ पासून स्क्रिप्टमध्ये नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड (स्क्रिप्टसाठी गूगल देतं तो वेगळा पासवर्ड) घ्या.