सोल गायिका अरेथा फ्रँकलिन: कोलंबिया रेकॉर्ड्समधली सहा वर्षं वाया गेली का?

कानसेन
माझ्या मते गेली. १९६० मध्ये, अठराव्या वर्षी या रेकॉर्ड कंपनीशी करार. १९६६ पर्यंत पॉपच्या यादीत पहिल्या चाळिसात गाणं आलं ते एकच, तेही ३७ वं. डेट्रॉइटला वडिलांच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये तयार झालेला गळा, आणि मागे व्हायोलिनांचा ताफा. ती जिथे हरकत घेणार, ती जागा वाद्यांनी आधीच भरलेली! जानेवारी १९६७ मध्ये अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला अलाबामात मसल शोल्सच्या स्टुडिओत नेलं, पियानोवर बसवलं, आणि एका दिवसात ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ तयार.

काळी दोन
‘पियानोवर बसवलं’ ही वेक्सलरच्या बाजूची कथा. कोलंबियाच्या पहिल्याच अल्बममध्ये जॅझ पियानोवादक रे ब्रायंटच्या कॉम्बोसोबत (छोट्या वाद्यवृंदासोबत) काही गाण्यांत पियानो तिचाच आहे. कोलंबियाचाच, १९६४ चा, गायिका डायना वॉशिंग्टनला वाहिलेला अल्बम ऐका: संथ लय, शब्द ठोक्याच्या मागे रेंगाळतो आणि बरोबर समेवर येतो. हा रियाज झाला कुठे?

ठेकेदार
मसल शोल्सचीही फार आरती नको. तिथेही गाडी अडलीच होती. तिथला वादक स्पूनर ओल्डहॅम याला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर सुरुवातीचा तुकडा सापडला तेव्हा ठेका बसला. मग दारू, भांडण, आणि पहिल्याच दिवशी सगळं बंद. ‘डू राइट वुमन’ अर्धवट राहिलं. तिचा आवाज, पियानो आणि बहिणींची साथ नंतर न्यूयॉर्कला रेकॉर्ड करून त्यावर चढवली.

खरी कमाल १४ फेब्रुवारीच्या ‘रिस्पेक्ट’ची. ओटिस रेडिंगच्या १९६५ च्या मूळ गाण्यात मधला भागच नाही. इथे गाणं ‘सी’ या सुरात, म्हणजे तो सा, आणि मधल्या भागात किंग कर्टिसचा सॅक्स येतो तो एकदम ‘एफ शार्प मायनर’ या कॉर्डवर. सा वरून थेट तीव्र मध्यमावर मुक्काम! ते कॉर्ड सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या एका गाण्यातून उचललेले. मग ‘जी’वर येऊन गाणं घरी, म्हणजे ‘सी’वर. ‘रिस्पेक्ट’ची अक्षरं सुटी करून म्हणण्याची जागाही तिच्याच गाण्यातली, ओटिसकडे ती नाही.

कानसेन
म्हणजे माझाच मुद्दा. मोकळी जागा मिळाली की ती काय करते बघा. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसचं चर्च, गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलँड आणि कॉयर, म्हणजे गायकवृंद; त्याचाच अल्बम निघाला. ‘अमेझिंग ग्रेस’ दहा मिनिटांच्या वर चालतं. कोलंबियाने दिली असती एवढी मुभा?

ठेकेदार
(तिथे चित्रीकरणही झालं, पण क्लॅपर, म्हणजे शॉटआधी वाजवायची पाटी, मारलाच नाही. दर वेळी कॅमेरा सुरू झाला की चित्र आणि आवाज जुळवायला खूणच नाही. फिल्म डब्यात पडली, ती बाहेर आली २०१८ मध्ये.)

काळी दोन
कॉयरची साथ हवी होती, मान्य. पण कोलंबियाबद्दल तक्रार ब्रॉडवेछाप, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांसारख्या गाण्यांची असेल, तर त्याच १९७२ च्या अल्बममध्ये ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ आहे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन, १९४५, ब्रॉडवेच्या ‘कॅरोसेल’मधलं. चर्चमध्ये, कॉयरसमोर, तिनेच गायलंय.