टेबल सॉवर फळी उलटी उडाली, मदत हवी आहे

परवा टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर) अरुंद पट्टी फाडताना फळी माझ्याकडेच उडाली. नशिबाने मी पात्याच्या रेषेत नव्हतो, जरा डावीकडे उभा होतो, म्हणून निभावलं. पण तेव्हापासून मशीन चालू करताना छातीत धडधडतं.

मशीन जुनं, १० इंची पातं, ४००० आरपीएम. हिशोब केला तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास निघतो. हे आधी कळलं असतं तर हात लावला नसता!

मला वाटतं, काप गेल्यावर लाकूड मिटलं आणि पात्याच्या मागच्या बाजूला चिमटलं. मागचे दात वर येत असतात, ते फळी उचलून चालवणाऱ्याकडे फेकतात. मशीनला रायव्हिंग नाइफ (पात्यामागची पातळ पट्टी, जी काप मिटू देत नाही) नाही, आधीच्या मालकाने काढून टाकलेला दिसतोय. फेन्सही (ज्याला टेकवून लाकूड सरळ सरकवतात तो आडवा आधार) मागच्या टोकाला पात्याकडे किंचित झुकलेला वाटतो.

तर विचारायचं असं, जुन्या मशीनला रायव्हिंग नाइफ नंतर बसवता येतो का? पात्याच्या जाडीशी त्याची जाडी कशी जुळवायची? फेन्स समांतर आहे हे मोजायची तुमची पद्धत कोणती? आणि दोन बोटं रुंदीची पट्टी कापताना पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) वापरता की पुश ब्लॉक (ढकलायचा ठोकळा)? माझी काठी ऐन वेळी घसरते.

हातमोजे घाल असं घरचे सांगतात. फिरत्या पात्याजवळ ते घालायचे नाहीत, मोजा अडकला तर हातच ओढला जातो, एवढं मला माहीत आहे. त्यांना पटवायचं कसं, तेही सांगा.